माळ्यावरची माणसं

दिवाळीची साफसफाई सुरू होती. अकोल्याहून वहिनींचा फोन आला. ‘‘ताई, माळा साफ करून राहिली बाप्पा मी. तुमच्या लग्नाच्या कॅसेटी निघाल्या. सहा-सात आहेत. व्हीसीआर तर कवाचाच भंगारात गेला, आता ह्या कशाला ठेवाच्या? भंगारवाला दारातच उभा आहे, देऊन टाकू का?’’

माझ्या एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात फोन. मी एकदम ओरडलेच, ‘‘नको वहिनी! काहीच देऊ नका. मी येते रविवारी.’’

फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेली. त्यातली शेवटची वीस वर्षं तरी मला त्या कॅसेटींची आठवणसुद्धा झाली नव्हती. मग आजच एवढा जीव का वर-खाली व्हावा? पोळी तव्यावर टाकता टाकता उत्तर सापडलं. आई गेली २०११ साली. तिचे फोटो आहेत. एक हार घातलेला, एक रेशनकार्डावरचा, दोन-तीन लग्नाच्या अल्बममधले. पण आईचा आवाज? आईचं चालणं, पदर खोचणं, मान वळवून हाक मारणं? त्या काळी आमच्याकडचा मोबाइल साधा बटणांचा होता. कोणी काही टिपून ठेवलंच नाही. म्हणजे माझी हलती-बोलती आई जगात कुठे शिल्लक असलीच, तर ती माहेरच्या माळ्यावर, त्या काळ्या डब्यांमध्ये. आणि दारात भंगारवाला उभा!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी ज्यांची लग्नं साधारण १९८५ ते २००५ या काळात झाली, त्यांच्यापैकी कित्येकींच्या माहेरी नाहीतर सासरी असा एखादा काळा डबा नक्की असेल. रंगीत टीव्ही आपल्या देशात आला १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या निमित्तानं. त्यामागोमाग व्हीसीआर आले. आमच्या गल्लीत रात्रभरासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन पिक्चरच्या कॅसेटी भाड्यानं आणत. अंगणात सतरंज्या पडत आणि पहाटेपर्यंत पोट्टे जागत. मग लग्नात ‘व्हिडिओ शूटिंग’ आलं. डोळ्यांवर तो मोठा दिवा मारत कॅमेरावाला फिरायचा आणि मांडवातल्या सगळ्या बाया पदर सावरून ताठ बसायच्या. आठवतं ना?

तर रविवारी एसटीनं अकोल्याला गेले. कॅसेटी पिशवीत भरून अमरावतीला आणल्या आणि इथल्या एका दुकानात नेऊन दिल्या. ‘कॅसेटची डीव्हीडी करून मिळेल’ अशी पाटी वाचली होती. दुकानदारानं आधी आठ दिवस सांगितले. त्याचे दोन महिने झाले. चार चकरा मारल्यावर हातात एक चकचकीत डबी पडली. वर आमचा जोडीनं फोटो, भोवती गुलाबाची फुलं. संध्याकाळी घरातले सगळे कौतुकानं टीव्हीसमोर बसलो. लावली, तर अवघी चाळीस मिनिटं! फुलं उडताहेत, बदाम फिरताहेत आणि पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत हिंदी पिक्चरची गाणी. बाकीचं कुठे गेलं म्हणून विचारायला गेले, तर दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, बोअर भाग काढून टाकला. स्वयंपाकघर, भांडी, बायांच्या गप्पा... ते कोण पाहतं?’’

कोण पाहतं! अहो, मी तेच तर पाहायला बसले होते.

मुलीच्या लग्नात मुलीची आई कुठे असते, हे काय मी तुम्हाला सांगायचं? ती स्टेजवर नसतेच. ती भांडारघराच्या किल्ल्या कमरेला लावून फिरत असते. विहीणबाईंच्या चहात साखर कमी पडली का ते पाहत असते. आचाऱ्याला तेल काढून देत असते. कॅमेरावाल्याचा सगळा उजेड नवरदेवाकडच्या मंडळींवर, आहेरावर आणि पुढाऱ्यांच्या आशीर्वादावर. माझी आई त्याला सापडली असेल तर ‘बोअर भागात’च. आणि तोच भाग कापलेला.

त्या रात्री मी रडले, खोटं कशाला सांगू? पण सकाळी उठून विचार केला, की मूळ कॅसेटी तर माझ्याजवळ परत आल्या आहेत. कापलंय ते डीव्हीडीत, मुळात नाही. आणखी शोध घेऊ या. शोधता शोधता अकोल्यात एक जुने कारागीर सापडले. पूर्वी टीव्ही, व्हीसीआर दुरुस्त करायचे. दोन जुने व्हीसीआर त्यांनी अजून पोटच्या पोरासारखे सांभाळून ठेवले आहेत. त्यांनी कॅसेटी उलटसुलट करून पाहिल्या आणि मला पहिला प्रश्न विचारला, ‘‘बाई, यातली मिक्सिंगच्या आधीची कोणती?’’

मला काही समजलं नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. त्या वेळी शूटिंगवाले आधी साधं चित्रण करायचे. त्यात मांडवातला खरा आवाज असायचा. नंतर स्टुडिओत बसून त्याची काटछाट करायची, खरा आवाज काढून गाणी भरायची आणि ती ‘फायनल’ कॅसेट गिऱ्हाइकाला द्यायची. त्यामुळे पुष्कळ घरांतल्या फायनल कॅसेटीत आपली माणसं मुकी आहेत. ओठ हलतात, आवाज गाण्याचा! पण काही घरांनी हट्टानं कच्च्या कॅसेटीसुद्धा मागून घेतल्या. आमच्या बाबांनी पैसे दिलेत म्हणून सगळ्याच कॅसेटी मागितल्या होत्या. बाबांच्या त्या चिकटपणावर आम्ही तेव्हा हसलो होतो. आज त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

तर त्या ढिगात एक कॅसेट निघाली. पाठीवर बॉलपेननं लिहिलेलं, ‘हळद’. कारागिरांनी ती व्हीसीआरमध्ये घातली. पडदा आधी मुंग्या मुंग्या झाला, मग चित्र आलं. आमचं अकोल्याचं अंगण. मे महिन्याचं ऊन. आपल्याकडचा मे म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको, पडद्यावरसुद्धा झळा दिसत होत्या. मी पाटावर बसलेली, एकवीस वर्षांची, काडीसारखी. भोवती बाया. माझी आजी, आमच्या खेड्यातल्या दोन काकू, शेजारच्या मावशी हळदीची गाणी म्हणताहेत. आजीचा तो खरबरीत आवाज! तिला गेलेल्यालाही आता वीस वर्षं होतील. मी श्वास रोखून ऐकत होते. आजी गाण्याच्या पुढच्या कडव्याकडे वळली आणि... खर्र् आवाज झाला, चित्र फाटलं आणि पडद्यावर व्यंकटेश प्रसाद धावत आला!

हो, क्रिकेटवाला. १९९९ सालच्या जूनच्या ८ तारखेला मँचेस्टरला वर्ल्ड कपमधली भारत-पाकिस्तान मॅच झाली होती. भारत ४७ धावांनी जिंकला, प्रसादनं पाच विकेट घेतल्या. माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. दादाला कोरी कॅसेट सापडली नाही. हाताशी आली ती ‘हळद’!

दादाला फोन केला, तर तो बिचारा गप्पच झाला. मग म्हणाला, ‘‘मला काय माहीत होतं गं...’’ खरंच, कोणालाच माहीत नसतं. आपण तर साधी माणसं. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. त्या चित्रणाच्या सर्वांत चांगल्या मूळ फिती पुढे पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या असाव्यात, असं खुद्द अमेरिकेच्या नासानं २००९ साली सांगितलं. त्या वेळी टीव्हीवर दाखवल्या गेलेल्या प्रती उरल्या, म्हणून जगाकडे आज ते चित्र तरी आहे. आपल्याकडचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर कितीतरी सिनेमे नाहीसे झाले होते. मोठमोठ्या लोकांची ही गत, तर आपल्या माळ्यावरच्या कॅसेटीला कोण विचारतो?

पण जतन केलं तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच मातीत आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. १९५६च्या डिसेंबरात ते गेले. त्याच्या थोडंच आधी मुंबईला वांद्र्यात त्यांचं जे कीर्तन झालं, ते ध्वनिमुद्रित झालं होतं. तो आवाज एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर, फितीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून मोबाइलवर येत राहिला, म्हणून आज माझी मुलगी कानाला लावून बाबांचं कीर्तन ऐकू शकते. ती फीत कपाटात तशीच पडून राहिली असती, तर? आवाज नुसता साठवून टिकत नाही. त्याला दर पिढीनं उचलून पुढच्या यंत्रावर ठेवावं लागतं. लोणच्याची बरणी जशी मधूनमधून हलवावी लागते, तसंच.

आता त्या कारागिरांनी मला जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते. कॅसेटमध्ये असते प्लॅस्टिकची लांब फीत. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारखी बारीक भुकटी चिकटवलेली असते. चित्र आणि आवाज त्या भुकटीत. चिकटवणारा जो लेप असतो, तो ओलीनं मऊ पडतो, चिकट होतो. पावसाळ्यात बुरशी धरते. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली, तर समजावं की बुरशी आहे. अशी कॅसेट चुकूनही यंत्रात घालू नये. फीत तर तुटतेच, शिवाय यंत्राचं हेड घाण होतं आणि मागाहून घातलेल्या दुसऱ्या कॅसेटीही खराब होतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो आणि स्लॅबखालचा माळा म्हणजे भट्टीच. म्हणजे उन्हाळ्यात भाजणं आणि पावसाळ्यात भिजणं. आपल्या कॅसेटींनी हे पंचवीस-तीस वर्षं सोसलं आहे.

आणि फीत टिकली तरी यंत्र कुठाय? व्हीएचएस पद्धत जपानात १९७६ साली आली. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी जपानचीच, फुनाई. तिनंही २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. त्यानंतर जगात नवा व्हीसीआर नाही. आहेत ते जुने, आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. दुरुस्त करणारे हात म्हातारे झाले. युनेस्कोनं २०१९ साली जगभर एक इशारा दिला होता. अशा फिती वाजवण्याची सोय साधारण २०२५पर्यंतच नीट मिळेल, नंतर अवघड होत जाईल, म्हणून जे काही महत्त्वाचं असेल ते लवकर उतरवून घ्या. ते वर्ष येऊन ठेपलं आणि आपण अजून ‘पाहू पुढच्या दिवाळीत’ म्हणतोय.

आता मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका बाईची गोष्ट सांगते. बचत गटाच्या कामानं मी तिकडे जाते. एकदा बैठकीनंतर चहा पिता पिता मी माझी ही कॅसेटींची कथा सांगितली. सगळ्या हसल्या, विशेषतः प्रसादच्या एंट्रीला. पण एक जण हसली नाही. सगळ्या पांगल्यावर जवळ आली आणि म्हणाली, ‘‘ताई, माह्याजवळ बी एक हाय. पण म्या अजून पाह्यली नाही.’’

तिचं लग्न २००३ सालचं. गावातलं साधं लग्न, एकच कॅसेट. घरी व्हीसीआर नव्हता. सासरच्या मंडळींनी तालुक्याहून भाड्यानं आणून एकदा पाहिली. ‘‘थ्या दिवशी म्या चुलीपाशी होती. तीस माणसाचं रांधायचं होतं. सारे हसून राह्यले, मले आवाज येऊन राह्यला. म्हटलं, मंग पाहीन.’’ ते ‘मंग’ आलंच नाही. २००६ साली नवरा गेला. त्या वर्षांत आपल्या वऱ्हाडात घराघरांत जे झालं, तेच तिच्या घरात झालं. मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. कॅसेट तिनं लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली. स्वतःचं लग्न वीस वर्षांत एकदाही न पाहता!

ती कॅसेट मी अकोल्याला नेली. बुरशी धरली होतीच. कारागिरांनी ती उघडली, फीत हलक्या हातानं पुसून काढली, दुसऱ्या डब्यात बसवली. मधला बराच भाग गेला. पण पस्तीस मिनिटं वाचली. ते मी पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तिच्या शेजारणीकडच्या टीव्हीला लावलं. ती होती, तिचा विशीतला मुलगा होता, सासूही आली. वरात, पारावरचा मारुती, अक्षता. मग नाव घेण्याचा आग्रह. नवरदेव लाजला, हसला आणि त्यानं नाव घेतलं. एवढंच. दहा-बारा शब्द असतील.

मुलगा म्हणाला, ‘‘पुन्ना लाव.’’ पुन्हा लावलं. असं पाच वेळा. मग आईकडे न पाहताच म्हणाला, ‘‘माय, आवाज माह्यासारखाच हाय न व?’’

तिनं मान हलवली. सासूनं पदर डोळ्याला लावला. आणि ती बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘ताई, म्या किती बारीक होती न?’’ आणि चक्क हसली. बावीस वर्षांनी तिनं आपलं लग्न पाहिलं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कॅसेट उतरवून घेणं हा श्रीमंतांचा शौक नाही, की रिकामपणाचा उद्योग नाही. घराण्याचा इतिहास लिहिताना शेतीच्या सातबाऱ्यावर, दुकानाच्या पाटीवर, निवडणुकीच्या फोटोत पुरुष असतात. आपल्या आया-आज्या कुठे असतात? बहुतेकींच्या नावानं एक कागद सापडणार नाही. त्या असतात त्या लग्नाच्या कॅसेटीत, तेही कोपऱ्यात, वाढताना, निवडताना, गाताना. तो कोपरा वाचवायचा असेल, तर आपल्यालाच उठावं लागेल. पुरुष मंडळींचा यात दोष आहे असं नाही. त्यांना तो कोपरा दिसतच नाही. दुकानदाराला तो ‘बोअर’ वाटतो, दादाला ती कोरी कॅसेट वाटते.

काही जणी म्हणतील, जुनं उगाळून काय करायचं? काही जणींचं दुखणं तर खरंच मोठं असतं. आमच्याकडे सल्ला घ्यायला आलेली एक मुलगी म्हणाली होती, ‘‘ती कॅसेट मला जाळायची आहे.’’ मी तिला नाही म्हटलं नाही. ज्या लग्नानं फक्त मारच दिला, ते पुन्हा पाहायची सक्ती कोणी का करावी? ठेवायचं की टाकायचं, हे तिनं ठरवायचं, माळा साफ करणाऱ्यानं नाही. फक्त तिला एवढंच सांगितलं, की पोटगीचा किंवा स्त्रीधनाचा वाद कोर्टात असेल, तर आधी वकिलाला विचार. नोंदणी नसलेल्या लग्नात असं चित्रण पुराव्याला उपयोगी पडू शकतं. अशा वेळी मूळ कॅसेट जवळ असलेली बरी, कारण नुसत्या नकलेसाठी कोर्टात वेगळं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आता कामाचं बोलू. मी ठेचा खाऊन शिकले, तुम्ही त्या खाऊ नयेत.

पहिलं, कॅसेटी माळ्यावरून आजच खाली काढा. कोरड्या कपड्यानं पुसा, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, कपाटात, उन्हापासून आणि ओलीपासून दूर. कॅसेटच्या पाठीला कडेशी एक बारीक प्लॅस्टिकची चिप असते. ती मोडून टाका. मग तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. आमच्या घरी कोणी ती चिप मोडली असती, तर आजीचं गाणं पूर्ण मिळालं असतं!

दुसरं, दुकानात देताना स्पष्ट सांगा, जसं आहे तसं उतरवा. काटछाट नको, गाणी नको, फुलं नको. मुंग्या आल्या तरी चालतील. कागदावर कॅसेटींची संख्या लिहून सही घ्या आणि मूळ कॅसेट परत घ्याच. हे काम घाईचं नसतं. मोबाइलवर फाइल पाठवतो तसं ते होत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तास चालवूनच उतरते. म्हणून अगदी पाच मिनिटांत करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. मी अकोल्यात कॅसेटमागे तीनशे रुपये दिले. एक साधी साडीसुद्धा येत नाही त्यात.

तिसरं, नुसत्या डीव्हीडीवर विसंबू नका. एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे चांगल्या प्रतीचं साधारण दोन तासांचं चित्रण. मोठी कॅसेट असेल तर दोन डीव्हीडी लागतात. आणि घरी भरलेल्या डीव्हीडीही अमर नसतात. त्यांच्यातला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेनं खराब होतो. शिवाय नव्या लॅपटॉपना डीव्हीडीची खाचच नसते. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी व्हीसीडी करून घेतल्या, त्यांनी तर आता बेफिकीर राहूच नये. त्या लावून पाहा, चालताहेत तोवर पुढे उतरवा. आणि मूळ कॅसेट असेल तर पुन्हा तिच्यावरूनच करून घ्या, कारण व्हीसीडीत चित्र बरंच बारीक करून बसवलेलं असतं. दुकानदाराकडून डीव्हीडीबरोबर एमपीफोरची फाइलही मागा. ती कॉम्प्युटरवर, हार्ड डिस्कवर, पेन ड्राइव्हवर ठेवता येते. तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक दुसऱ्या घरी. माझी एक प्रत अमरावतीला, एक दादाकडे अकोल्याला, एक मुलीकडे पुण्याला. पाच-सहा वर्षांनी पुन्हा नव्यावर उतरवायची, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

चौथं, भाऊ किंवा दीर अमेरिकेत असेल आणि त्यानं तिकडून कॅसेट पाठवली असेल, तर ती आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसत नाही. त्यांची टीव्हीची पद्धत वेगळी, आपली वेगळी. कॅसेट खराब झाली समजून फेकू नका. दोन्ही पद्धती चालणारं यंत्र लागतं, तसं दुकानात विचारा. आणि छोट्या हँडीकॅमच्या चिमुकल्या कॅसेटी असतील, तर तोच कॅमेरा किंवा तशाच पद्धतीचा लागतो. म्हणून बंद पडलेला जुना कॅमेराही भंगारात देऊ नका.

पाचवं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. उतरवून झालं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन बसा आणि हातात वही ठेवा. आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. आमच्या लग्नाचं चित्रण लावलं तशा चष्मा सावरून बसल्या आणि एकेकाचं नाव सांगत सुटल्या. ही अमक्याची आत्या, हा दर्यापूरचा मामा, ही तेव्हा पोटुशी होती. मी लिहून घेतलं. बावीस नावं झाली, त्यातली अकरा मला माहीतच नव्हती. ही नावं सांगणारं माणूस गेलं, की पडद्यावर नुसती गर्दी उरते.

आणि हो, सगळं काही स्टेटसवर टाकायची घाई करू नका. त्यात दुसऱ्यांच्या लेकी-सुनाही आहेत. काही जणी तेव्हाच्या सासरी आज नाहीत. घरची वस्तू घरात पाहिलेली बरी.

माझ्या आईचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. ‘हळद’ कॅसेटीत प्रसादची मॅच सव्वा तास चालली. कारागीर म्हणाले, ‘‘बाई, बंद करू का? पुढे काही नसेल.’’ मी म्हटलं, ‘‘चालू राहू द्या.’’ मॅच संपली, पडदा निळा झाला, पुन्हा खर्र् झालं आणि आमचं अंगण परत आलं. हळद संपलेली. बाया उठताहेत. कॅमेरा कोणीतरी तसाच चालू ठेवून खाली ठेवलेला, त्यामुळे नुसते पाय दिसताहेत. त्यात एक हिरवं लुगडं, पायात जोडवी आणि घाईची चाल. ती मी लगेच ओळखली. आणि आवाज आला, ‘‘अगं, तिला पाणी द्या न कोणी. सकाळपासून उपाशी आहे पोरगी.’’

चेहरा नाहीच दिसला. पण मी लहानपणापासून ऐकलेला, चौदा वर्षं न ऐकलेला आवाज होता तो. हेच वाक्य त्या दुकानदारानं ‘बोअर’ म्हणून कापलं असतं.

मैत्रिणींनो, या रविवारी स्टूल घ्या आणि माळ्यावर पाहा. तिथं कोणी तुमची वाट पाहत असेल. नंतर माहेरीही एक फोन करा. वहिनींना सांगा, भंगारवाल्याला जरा थांबवा म्हणावं.